तरी एकदा ओढून बघा

आईनं कुलूप ओढून बघितलं नाही. झालं ते इतकंच. दोघी मायलेकी डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाल्या होत्या. एरवी दोघी बरोबर बाहेर पडल्या की किल्ली आईकडे, हा घरचा कायदा. आज मात्र आईला कुलपाचं भोक नीट दिसेना म्हणून मुलीनंच दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि नेहमीसारखी भिंतीला चिकटून उभी राहिली, आईला कुलपापर्यंत यायला वाट हवी म्हणून. आई आलीच नाही. आई कठडा धरून जिना उतरायला लागली होती. एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, मग पुढची पायरी. मध्येच मान वर करून म्हणाली, चल ना, उभी काय राहिलीस. ती निघाली. कळायला लागल्यापासून ती आईला कुलूप ओढताना बघत आली होती. आधी नुसतं हातानं, मग अंगाचं सगळं वजन टाकून, आणि मग दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर येऊन एकदा. बाबा दोन्ही हातांत सामान घेऊन खालच्या वळणावर ताटकळत उभे असायचे आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, थांबा जरा, बाईसाहेब कुलपाचा निरोप घेतायत. एका लग्नाला तर या ओढाओढीपायी ते इतक्या उशिरा पोचले होते की मांडववाले खुर्च्या उचलत होते. आई ओशाळली नाही की बदलली नाही. बाबा गेले त्या दिवशी, जिन्यात सगळीकडे माणसं जमलेली असताना आणि दवाखान्यात जायची घाई असतानाही, तिनं कुलूप ओढून बघितलं होतं. आणि आज साध्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघताना ती ते विसरली.

विसरली, हा शब्द तिच्या डोक्यात शिरला आणि काही केल्या बाहेर पडेना. रस्त्यानं चालताना ती आईला चोरून बघत राहिली. गॅस बंद केलास का, असं आडून विचारलं. आई म्हणाली, केला, आणि तू मोरीतला दिवा बंद केला नव्हतास, तोही केला. डॉक्टरांचं कार्ड घेतलंस का? घेतलं. म्हणजे डोकं शाबूत होतं. मग कुलूपच कसं काय निसटलं? वय झालं की माणसाचं काय काय गळत जातं, याच्या ऐकीव गोष्टी तिला एकेक आठवायला लागल्या. आधी नावं जातात म्हणे, मग वाटा, मग सवयी. सवयी सगळ्यांत शेवटी जातात असं तिला वाटत होतं. सवय गेली म्हणजे माणसातलं माणूसच गेलं, असं काहीबाही तिच्या मनात येत होतं. आई मात्र मजेत चालली होती, फुटपाथवरचा उखडलेला दगड काठीनं चाचपून बाजूनं जात होती आणि या लोकांना एक दगड धड बसवता येत नाही म्हणून कुणाला तरी नावं ठेवत होती.

दवाखान्यात आईच्या डोळ्यांत थेंब घातले आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. ओळीनं बसलेली सगळीच माणसं डोळे मिटून बसली होती, भिंतीवर डोळ्याचं मोठं रंगीत चित्र होतं, आणि डोळे उघडे असलेली ती एकटीच. बसल्या बसल्या तिनं फोन काढला. कामाचे निरोप आलेले होते. त्यातला सगळ्यांत वरचा वाचला आणि आईच्या कुलपाचं तिचं दुखणं क्षणभर मागं पडलं. तिच्या कामातल्या, मुंगूस असं टोपणनाव घेतलेल्या माणसानं कोडमध्ये नवा बदल पाठवला होता. बदलाचं नाव होतं, दुसरी तपासणी काढून टाकणे. आणि तपासणारी म्हणून खाली नाव घातलं होतं तिचं.

आता हे समजायचं तर तिचं काम काय ते कळलं पाहिजे. डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार. रक्तपेढ्या, शाळा, तिकिटांच्या खिडक्या, दुकानं, सगळ्यांच्या नोंदी कुठल्या ना कुठल्या कोठारात असतात. ती ज्यावर काम करायची ते कोठार कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. त्याचा सगळा कोड उघड्यावर पडलेला, जगातल्या कुणीही वाचावा, कुणीही बदल सुचवावा. पण सुचवलेला बदल आत घ्यायचा तर एक अट होती आणि ती कुणासाठी म्हणून मोडली जात नसे. आपला बदल आपण मान्य करायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी तो ओळ न् ओळ वाचायचा, त्याच्यावर शंका घ्यायच्या, मोडून बघायचा, आणि मग मान्य म्हणायचं. हे कोठार ज्यांनी सुरू केलं त्या काकांनाही ही अट लागू होती. कोठारावर काम करणारा सगळा जथा त्यांना काकाच म्हणायचा. आणि तिला सगळे मावशी म्हणायचे. खडूस मावशी, असं पाठीमागं म्हणायचे, हेही तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाईट वाटत नव्हतं. खडूस असल्याशिवाय हे काम होत नाही. एक कंपनी तिला याच कामाचा पगार द्यायची. खरं तर पगार नसता तरी तिनं ते केलं असतं, पण हे तिनं कंपनीला कधी सांगितलं नव्हतं.

आणि दुसरी तपासणी म्हणजे ती स्वतः. असं म्हटलं तर कुणी हसेल, पण जथ्यातला कुणी हसला नसता. फार वर्षांपूर्वी, ती या कामात नवी असताना, कुठल्याशा गावातल्या एका रक्तपेढीत वीज गेली आणि परत आली, तेव्हा त्या सकाळच्या सगळ्या नोंदी नाहीशा झालेल्या. पिशव्या कपाटात जागच्या जागी होत्या, पण कुठली कुणाची ते सांगणारं काही उरलं नव्हतं. सगळं रक्त फेकून द्यावं लागलं. लोकांनी कोठाराला शिव्या घातल्या, काकांना घातल्या, आणि नोंदी डिस्कवर लिहिण्याच्या भागाचं काम नुकतंच हातात घेतलेल्या या बाईलाही घातल्या. तिनं हट्टानं त्या रक्तपेढीत होत्या त्याच बनावटीच्या डिस्का मागवल्या, घरातल्या मशीनला जोडल्या, आणि नोंदी लिहिणं चालू असताना सरळ वायर उपटायला लागली. लिहायला सांग, वायर उपट, चालू कर, बघ. पुन्हा लिहायला सांग, वायर उपट. आई दारातून बघायची आणि म्हणायची, त्या बिचाऱ्या मशीननं तुझं काय वाकडं केलंय? आणि एक दिवस सापडलं. कोठाराचा काही दोष नव्हता. डिस्क खोटं बोलत होती. लिही म्हटलं की ती लगेच म्हणायची, लिहिलं. प्रत्यक्षात ते आपल्याजवळच्या तात्पुरत्या जागेत ठेवून ती गप्प बसायची, सवडीनं लिहू म्हणून. सवड मिळायच्या आत वीज गेली की सगळं साफ. मग तिनं कोडमध्ये दुसरी तपासणी घातली. डिस्क म्हणाली लिहिलं, तरी थांबायचं, तिला हातातलं सगळं खाली ठेवायला लावायचं, लिहिलेलं परत वाचून ताडून बघायचं, आणि मगच माणसाला सांगायचं की झालं. कोडमध्ये अधूनमधून मशीनसाठी नसलेल्या, पुढच्या माणसानं वाचाव्यात म्हणून लिहिलेल्या टिपा असतात. त्या तपासणीच्या डोक्यावर तिनं एक टीप लिहिली. काय लिहावं हे सुचत नव्हतं, तेव्हा तिला कुलपापाशी आई नेहमी म्हणते ते आठवलं, लागलंय, तरी एकदा ओढून बघू. तिनं लिहिलं, डिस्क म्हणते लिहिलं. तरी एकदा ओढून बघा.

ती ओळ पुढं तिच्याहून मोठी झाली. नव्या माणसांना ती पाठ करून घ्यावी लागत नसे, आपोआप व्हायची. कुणी ती कपांवर छापली, कुणी सदऱ्यांवर. एका संमेलनात तिची ओळख करून देताना त्या माणसाला तिचं नावच आठवेना, तेव्हा तो म्हणाला, ओढून बघाच्या बाई, आणि सगळं सभागृह उभं राहिलं. तिला अभिमान होता. भरपूर होता. तो लपवायला ती काही साधुसंत नव्हती. आईला तिनं हे सगळं सांगितलं होतं तेव्हा आई म्हणाली होती, माझं वाक्य आणि टाळ्या तुला.

आता मुंगूस ती तपासणी काढायला निघालं होतं. मुंगूस हे टोपणनाव. तो बाप्या होता की बाई, म्हातारं होतं की पोरगेलं, तिला ठाऊक नव्हतं आणि विचारावंसं कधी वाटलं नव्हतं. घरी कामावरून आल्यावर, मुलीचा अभ्यास घेऊन झाला की कोड लिहायला बसतं, एवढं एकदा त्यानं आपणहून सांगितलं होतं, तेवढंच. तिच्या मनात ते मुंगूसच होतं. मुंगूस आलं, मुंगूस म्हणालं. त्याचा पहिला बदल तिच्याचकडे आला होता आणि तो इतका भयंकर होता की तिनं तो परत पाठवला, पुन्हा आला, पुन्हा पाठवला, असं होत राहिलं. शेवटी काका म्हणाले, अगं, माणूस पळून जाईल. गेलंच पळून. बरेच दिवस पत्ता नाही. तिला हुरहुर लागली होती, पण तसं कबूल करणार कोण. मग एक दिवस तोच बदल मुळापासून नव्यानं लिहून आला, आणि सोबत एवढंच, आता बघा. तिनं बघितला आणि मान्य म्हटलं. तेव्हापासून गेली काही वर्षं मुंगसाचा प्रत्येक बदल तिच्याकडे यायचा आणि प्रत्येक वेळी ती त्याच्या नाकी नऊ आणायची.

डॉक्टरांनी आईला आत नेलं. ती बाहेर फोन धरून बसली होती, तेवढ्यात काकांचा निरोप आला, खासगीत. मुंगसाचा बदल बघितलास का? वाटलं तर मी तो दुसऱ्या कुणाकडे देतो. तुझ्यावर ताण नको. काकांनी प्रेमानंच लिहिलं होतं, पण तिला ते असं झोंबलं की तिचे कान तापले. ताण कसला? आपल्या कोडवर कुणी हात घातला म्हणून ही बाई रडत बसेल, असं वाटलं त्यांना? की त्याहून वाईट, रागानं ती चांगला बदल अडवून धरेल असं वाटलं? हा दुसरा प्रश्न तिला झटकून टाकता येईना. कारण तो प्रश्न खरा होता. अडवून धरायला तिला काहीच लागलं नसतं. मावशी नाही म्हणाली की त्या भागात कुणी पुढं जात नसे. इतकी वर्षं कमावलेलं होतं ते. तिनं काकांना उत्तर पाठवलं, माझ्याकडेच असू दे. तेवढ्यात आई बाहेर आली, आणि मागोमाग डॉक्टर. डॉक्टर म्हणाले की चष्म्याचा नंबर बदललाय, बाकी डोळे तिच्या वयाला झकास आहेत, चष्मा संध्याकाळपर्यंत तयार होईल. तिनं हळूच विचारलं, आणि विसरण्याचं? आई म्हणाली, कोण विसरतंय? डॉक्टर गोंधळून दोघींकडे बघत राहिले.

घरी आल्यावर ती आपल्या खोलीत गेली. खोली म्हणजे एक टेबल, त्यावर कॉम्प्युटरचे दोन पडदे, खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू, आणि कोपऱ्यात ते जुनं मशीन. त्यातली डिस्क तीच होती, रक्तपेढीच्या बनावटीची, आता बाजारात न मिळणारी. तिचं नाव लबाड. जथ्यातल्या सगळ्यांना लबाड ठाऊक होती. नव्या डिस्कांवर सगळ्या चाचण्या पार पडल्या की माणसं म्हणायची, आता मावशीच्या लबाडवर जाऊ द्या. खोटं बोलणारी खात्रीची डिस्क मिळणं सोपं नसतं. तिनं ती जिवापाड जपली होती. दर काही दिवसांनी पुसायची, उन्हाळ्यात तिच्यासाठी पंखा लावायची. आई म्हणायची, खोटारड्यांचे लाड या घरात कधी झाले नव्हते.

तिनं मुंगसाचा बदल उघडला. काढलेल्या ओळी तांबड्या, घातलेल्या हिरव्या. आपली तपासणी अशी तांबड्यात बघताना तिला कसंनुसं झालं. एकेक ओळ तिला ओळखत होती, निदान तिला तसं वाटत होतं. ही ओळ ताप अंगात असताना लिहिलेली. या ओळीवरून काकांशी भांडण झालेलं आणि दोघंही चूक निघालेले. मुंगसाचं म्हणणं सोपं होतं. तपासणीपायी प्रत्येक नोंदीला जरासं थांबावं लागतं, आणि जिथं माणसांची रांग लागलेली असते तिथं ते जरासं जरासं फार होतं. त्याऐवजी नोंद एकाच वेळी दोन वेगळ्या डिस्कांवर जाईल, आणि प्रत्येक नोंदीच्या शेपटाला आधीच्या नोंदीची खूण बांधलेली असेल. एक डिस्क खोटं बोलली की दुसरी तिचं बिंग फोडेल. थांबून ओढून बघायची गरजच नाही.

तिनं मशीनला नवा कोड चढवला, लबाडच्या शेजारी दुसरी डिस्क जोडली आणि कामाला लागली. लिहायला सांग, वायर उपट, चालू कर, बघ. नोंदी शाबूत. पुन्हा. शाबूत. वायरीचं टोक तिच्या बोटांत गरम लागत होतं. उगाच कशाला लपवा, तिला तो बदल नापास व्हायला हवा होता. एखादी नोंद, एकच, कुठल्या तरी कोपऱ्यातली, गळावी. आणि मग आपण शांतपणे लिहावं, मुंगूस, हे बघ. ते वाक्य तिच्या मनात तयारही होतं. तिनं लिहिण्याच्या सुरुवातीला वायर उपटली, मध्ये उपटली, अगदी शेवटाला डोळा लावून उपटली. लबाडनं आपलं काम चोख केलं, दर वेळी धडधडीत खोटं बोलली. आणि दर वेळी दुसऱ्या डिस्कनं तिला उघडं पाडलं. दुपार कधी झाली कळलं नाही. आई दारात येऊन म्हणाली, आज पुन्हा गळा आवळायला बसलीस वाटतं, आणि ताट टेबलावर ठेवून गेली.

मग तिनं दुसरा मार्ग धरला. वायरीनं नाही तर डोक्यानं मोडू. तिनं शंका लिहायला घेतली. दोन्ही डिस्का एकदमच खोटं बोलल्या तर? लिहिली, आणि पाठवण्यापूर्वी मुंगसाचं स्पष्टीकरण पुन्हा वाचलं. तिथं उत्तर होतं. दोन्ही खोटं बोलल्या तर जुनी तपासणीही वाचवत नाही, हे मावशींनीच आधीच्या एका बदलाच्या वेळी दाखवून दिलं होतं. तिनं शंका खोडली. दुसरी लिहिली. ज्यांच्याकडे एकच डिस्क आहे त्यांचं काय? त्याचंही उत्तर होतं, एकाच डिस्कवर कोठार यापुढं चालणारच नाही, दुसरी जोडा असं मशीन सुरू होतानाच बजावून सांगितलं जाईल, कारण गप्प राहून चालत नाही, हे मावशींचं म्हणणं. तिसरी शंका. चौथी. मध्येच एका ठिकाणी मुंगसानं लिहिलं होतं, इथं मावशी विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो किंवा टाकते, तुम्हाला हवं ते धरा. तिला खुदकन हसू आलं. आणि हसतानाच तिच्या लक्षात आलं की ती जिथं जिथं हात घालतेय तिथं तिथं तिचाच हात आधी फिरून गेलेला आहे. इतक्या वर्षांत तिनं त्याला जेवढं जेवढं छळलं होतं, त्यातलं काही वाया गेलं नव्हतं. परत पाठवलेला प्रत्येक बदल, खवचटपणानं विचारलेला प्रत्येक प्रश्न, सगळं त्यानं गाठीशी बांधून ठेवलं होतं आणि आज तिच्याच तपासणीवर वापरलं होतं. तिनं खुर्चीत मागं टेकून घेतलं. छातीत असं भरून आलं की तिला क्षणभर कळेना, हे दुःख आहे का काय. दुःख नव्हतं. हे आपण घडवलंय, असं तिला वाटत होतं, आणि हे आपल्याहून सरस आहे.

आता फक्त मान्य म्हणायचं होतं. शेवटचं एकदा वरपासून खालपर्यंत नजर फिरवावी म्हणून ती ओळी सरकवत गेली, आणि थांबली. तपासणी गेली होती, पण तिच्या डोक्यावरची टीप तशीच होती. ना तांबडी, ना हिरवी. डिस्क म्हणते लिहिलं. तरी एकदा ओढून बघा. तिच्याखाली रिकामी जागा, आणि त्याखाली भलत्याच कामाचा कोड. मुंगसाकडून असं व्हायचं नाही. सुटलेली टीप ते कधी सोडत नसे; तिनंच त्याला त्यावरून एकदा धुतलं होतं. टीप आणि कोड एकमेकांशी जुळत नसले तर टीप खोटं बोलते, आणि कोठारात एक लबाड डिस्क परवडेल पण लबाड टीप परवडणार नाही, असं तिनंच लिहिलं होतं. म्हणजे हे सुटलेलं नव्हतं. मुद्दाम ठेवलेलं होतं. तिच्यासाठी.

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसली. गोड वाटत होतं. आत कुठंतरी पार जिभेवर साखर ठेवल्यासारखं. राहू द्यायला काय हरकत होती? एक ओळ. मशीन टिपा वाचतसुद्धा नाही. कुणी तक्रार केली नसती, उलट जथ्यातल्या अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. ती गेल्यावरही, कोडच्या मधोमध, तिची ओळ राहिली असती. आणि मग पाच-दहा वर्षांनी कुणी नवखं माणूस ते वाचून म्हणालं असतं, वा, इथं ओढून बघितलं जातंय, मग मला काळजी नाही. आणि काहीच बघितलं जात नसतं. तिनं बोटं कळफलकावर ठेवली आणि उचलली. पुन्हा ठेवली आणि पुन्हा उचलली. मुंगसाचं मन मोडायचं, आणि आपलंही. शेवटी उठून ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली.

आई मटार सोलत बसली होती, डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त. तिनं पाणी पिऊन पेला ठेवला, ओट्याला टेकली, आणि सकाळपासून अडकलेलं तोंडातून निघून गेलं.

"आई, सकाळी तू कुलूप ओढून बघितलं नाहीस."

"तू लावलं होतंस ना?"

"हो, पण इतकी वर्षं तर ओढत होतीस."

"इतकी वर्षं मी लावत होते." आईनं एक दाणा तोंडात टाकला. "आपण लावलेल्या कुलपाचा आपल्याला भरवसा नसतो गं. हात इथं आणि डोकं भलतीकडे. तुझे बाबा नुसते हसायचे, कधी पुढं होऊन ओढून बघितलं नाही. म्हणून मलाच बघावं लागायचं. आज तू लावत होतीस तेव्हा मी बघत होते. अंधुक दिसलं, पण नीट लावलंस."

तिनं बाहीनं डोळे टिपले. आईनं विचारलं, रडतेस काय? ती म्हणाली, नाही, मटार दे इकडे, मी सोलते. आई म्हणाली, तुझं ते काम संपव आधी, चष्मा आणायला जायचंय. आणि सकाळभर तिला पोखरणारं ते विसरणं, वय, गळत जाणं, सगळं कुठल्या कुठं गेलं. आई विसरली नव्हती. आईनं मुलीचं काम तपासलं होतं आणि मान्य केलं होतं, तेही आयुष्यात पहिल्यांदा, आणि मुलगी भिंतीला चिकटून आईला म्हातारी ठरवत उभी होती.

ती परत खोलीत आली आणि बसल्याबरोबर लिहिलं, मन बदलायच्या आत. मुंगूस, बदल उत्तम आहे, शंका एकच. वरची टीप काढ. तिच्याखाली आता काही नाही.

मुंगूस समोरच बसलेलं असावं. लगेच उत्तर आलं. "ती ठेवावीशी वाटली. सगळ्यांना पाठ आहे. मला तर पहिल्या दिवसापासून. हात धजला नाही."

तिनं ते दोनदा वाचलं. मग लिहिलं, "माझाही धजला नसता. माझी ओळ मला काढता आली नसती आणि तिच्यावर जडलेलं तुझं मन तुला. म्हणूनच तर आपण दुसऱ्याला बघायला देतो. काढ."

बराच वेळ काहीच आलं नाही. खिडकीबाहेर समोरच्या गॅलरीत कुणीतरी वाळलेले कपडे काढत होतं. तिला आठवलं, असाच पहिल्यांदा गप्प बसला होता हा प्राणी आणि मग म्हणाला होता, आता बघा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बदलाचा नवा भाग आला. तिची ओळ तांबडी झालेली होती. खाली दोनच शब्द होते. आता बघा.

तिनं बघितलं. वरपासून खालपर्यंत, एकही ओळ न गाळता, आपल्या स्वतःच्या तांबड्या ओळींसकट. कुठं काही राहिलं नव्हतं. आणि तिनं मान्य म्हटलं. बदल करणारं म्हणून मुंगसाचं नाव, आणि त्याखाली तपासणारी म्हणून तिचं, आणि दोन्ही नावं एकत्र कोठारात गेली. तिची ओळ आता कुणाला दिसणार नव्हती, पण ती काढायला लावणारीचं नाव तिथं कायमचं लागलं होतं, आणि आजवर कोठारात जिथं जिथं तिचं नाव होतं त्या सगळ्यांपेक्षा तिला हेच जास्त आवडलं. काकांचा निरोप आला, ठीक आहेस ना? तिनं लिहिलं, ठीक कसली, मस्त आहे. मग लबाडची वायर काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि तिला म्हणाली, चल, तुला आता विश्रांती. लबाड अर्थातच काही बोलली नाही, आणि बोलली असती तरी तिच्यावर विश्वास कोण ठेवणार.

संध्याकाळी चष्मा आणायला दोघी निघाल्या. तिनं दार ओढलं आणि कुलूप घातलं, तेवढ्यात आईनं हात पुढं केला, दे इकडे, मी लावते. अंधुक दिसत होतं तरी अंगठ्यानं भोक चाचपत तिनं किल्ली बरोबर आत घातली, फिरवली, काढली. मग आई एक पाऊल मागं सरली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली, मुलीला कुलपापर्यंत यायला वाट हवी म्हणून. ती पुढं झाली. एकदा नुसतं हातानं, आणि मग अंगाचं सगळं वजन टाकून.

"लागलंय?" आईनं विचारलं.

"लागलंय," ती म्हणाली. आई जिना उतरायला लागली, आणि या वेळी तिनं मागं वळून बघितलं नाही.